नेहरूनगरची पिग्मी

गेल्या आठवड्यात ऑफिसात जुन्या फाईली लावताना २०२० सालची पिग्मीची शीटं हाताला लागली आणि मी हातातलं काम सोडून ती बघत बसले. मी बेळगावात एका पतसंस्थेत आहे, बावीस वर्षं झाली. आता पुण्या-मुंबईकडच्या बऱ्याच जणांना पिग्मी म्हणजे काय तेच माहीत नसतं म्हणून सांगते. रोज संध्याकाळी आमचा एजंट बॅग अडकवून दुकानं फिरतो, पानपट्टीवाला वीस देतो, झेरॉक्सवाला शंभर, मेसवाली बाई जमेल तसं, आणि वर्षाच्या शेवटी त्या चिल्लरीचा एक आकडा होतो ज्यातून पोरांची फी जाते नाहीतर घरावर पत्रे पडतात. सिंडिकेट बँकेनं १९२८ साली तिकडं किनारपट्टीकडं दोन-दोन आण्यांपासून ही पद्धत सुरू केली आणि आमच्याकडं ती अशी रुजली की लोक बँकेत जात नाहीत पण पिग्मी चुकवत नाहीत.

तर ती शीटं. मार्च २०२० च्या शेवटी सगळ्याच रूटवर रेघा आहेत, पैसे न आलेल्या दिवसाला आम्ही रेघ मारतो. खडेबाजार रेघा, शहापूर रेघा, टिळकवाडी रेघा. ते समजतं, लॉकडाऊन होता, सगळं जगच बंद होतं. पण गणपती आले तसे खडेबाजारचे आकडे हळूहळू भरायला लागले, दिवाळीपर्यंत शहापूर आणि गणपत गल्लीवाले बऱ्यापैकी रुळावर आले, आणि नेहरूनगरचं शीट मात्र तसंच. डिसेंबर रेघा. जानेवारी रेघा. आमचा एजंट तेव्हा मला म्हणाला होता, "मॅडम, तिकडं दुकानं उघडी आहेत हो, पण आत कोण येतच नाही."

येणार कोण, पोरं गेली होती की मलेशियाला.

बेळगावबाहेरच्यांना हे पटकन लक्षात येत नाही. आमचं गाव म्हटलं की लोकांना सीमाप्रश्न आठवतो, कुंदा आठवतो, थंडी आठवते. पण नेहरूनगरकडं, केएलई ह्या शिक्षणसंस्थेच्या हॉस्पिटलच्या आजूबाजूला, गेली कितीतरी वर्षं एक वेगळंच बेळगाव आहे. त्यांचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज १९६३ चं. तिथं परदेशी मुलं पहिल्यापासून थोडीफार दिसायची, आम्ही कॉलेजला असताना रस्त्यावर दिसली की वळून बघायचो. मग २०१० ला केएलईचा आणि युनिव्हर्सिटी साइन्स मलेशियाचा मिळून मेडिकलचा कोर्स सुरू झाला, म्हणजे डिग्री मलेशियाच्या विद्यापीठाची आणि शिकायचं बेळगावात. आणि दरवर्षी नवीन बॅच यायला लागली, पाच वर्षं राहायला. पाच वर्षं हा शब्द मी मुद्दाम लिहितेय. पर्यटक येतो, दोन दिवस राहतो, कुंद्याचे चार बॉक्स घेतो, गेला. विद्यार्थी येतो तेव्हा गादी घेतो, बादली घेतो, टेबलफॅन घेतो, दूध लावतो, आजारी पडतो, केस कापतो, आणि हे साठ महिने.

माझ्या आईचं घर आझमनगरला. बाबा उद्यमबागला फाउंड्रीत होते, ते गेल्यावर पेन्शन म्हणजे नावाला. गावाकडं थोडा ऊस होता पण ऊसाच्या बिलाचं तुम्हाला माहीत आहे, कारखान्याला ऊस गेला की पैसे येतात, कधी येतात हे मात्र विचारायचं नाही, एकदा तर आम्ही पुढचा हंगाम सुरू झाला तरी मागचं बिल मोजत होतो. २००९ मध्ये आईनं कर्ज काढून वरचा मजला चढवला. सगळे नातेवाईक म्हणत होते कशाला, एकटी बाई, हप्ते कोण भरणार. २०११ च्या जूनमध्ये वर चार मलेशियन मुली राहायला आल्या.

आईची एक वही आहे. शंभर पानी, निळ्या कव्हरची, डाव्या पानावर आलेले आणि उजव्या पानावर गेलेले. मी ती वही कितीतरी वेळा वाचलीये, माझा तर धंदाच हा आहे. जून २०११ ला डाव्या पानावर एकच ओळ आहे, "वरच्या पोरी भाडे १२०००". आणि उजवीकडं बघा: पतसंस्थेचा हप्ता. टँकर, कारण राकसकोप धरणाचं पाणी तेव्हा चार-पाच दिवसांतून एकदा यायचं आणि चार मुलींच्या आंघोळींना टाकी पुरायची नाही. नळाचा प्लंबर. कंग्राळीच्या मावशी, झाडलोट आणि भांडी. खिडक्यांना जाळी, सुतार अनगोळचा. दिव्याचं बिल. माझ्या भावाची बसपासची फी. म्हणजे क्वालालंपूर नाहीतर कुठूनतरी बापानं पाठवलेले ते बारा हजार, आईच्या हातात महिनाभर पण थांबले नाहीत, आणि ज्या ज्या हातात गेले ते सगळे हात आमच्या घरापासून आठ-दहा किलोमीटरच्या आतले. मी आकडेवारीवाली माणसं काय म्हणतात ते नंतर वाचलं, एक रुपया गावात किती वेळा फिरतो वगैरे, पण मला ते आईच्या उजव्या पानावर आधीच दिसलं होतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ते पैसे एक तारखेला येत. ऊसाचे नाही, भावाच्या कंत्राटी नोकरीचे नाही, पण ते यायचे. ज्या घरात कधीच तारखेला पैसे आले नाहीत त्या घराला तारखेचा पैसा काय असतो हे मी शब्दांत सांगू शकत नाही. त्या पैशावर माणूस हप्ता ठरवतो, हप्त्यावर कर्ज काढतो, कर्जावर मजला चढतो.

त्या पोरी आईला पहिल्या आठवड्यात आंटी म्हणायच्या. मग एकदा चौघींतली सगळ्यात लहान दिसणारी "मकचिक" म्हणाली. आईला वाटलं काहीतरी पाहिजे असेल. तर मलयमध्ये मकचिक म्हणजे आपल्यासारखं मावशी. झालं, त्या दिवसापासून आई आमच्या गल्लीची मकचिक. श्रावणात उपासाला आई रताळी आणायची, बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडं रताळी चिक्कार, त्या मुलींना रताळी दिसल्यावर इतका आनंद झाला, त्यांच्याकडं पण असतात म्हणे, पिठात बुडवून तळतात. केळी पण तळतात तशीच. आमच्या गॅसवर दोन्ही कढया लागल्या होत्या, एकीकडं साबुदाण्याचे वडे आणि एकीकडं त्यांची केळ्याची भजी, आणि तेल कोणाचं जास्त लागलं ह्यावर वाद. त्यांचा नारळाच्या दुधातला भात, नासी लेमाक, त्यावर सुके बारीक मासे लागतात, ते घरून आणलेले संपले तेव्हा आई त्यांना कॅम्पातल्या मासळी बाजारात घेऊन गेली आणि सुकट विकणाऱ्या बाईशी ओळख करून दिली. ती बाई पुढं कितीतरी वर्षं मला विचारायची, "तुमच्या परदेशी पोरी आल्या नाहीत काय हो?" बघा, कारवार-गोव्याकडून येणाऱ्या सुकटीचं गिऱ्हाईक कोण, तर मलेशियाची मेडिकलची मुलगी.

अजून एक सांगते. नेहरूनगरला एक गॅरेजवाला आमचा पिग्मीचा मेंबर आहे. त्याच्याकडं एक राखाडी अ‍ॅक्टिव्हा यायची, केए-२२ पासिंगची. एका मुलानं पहिल्या वर्षाला घेतली, पाचव्या वर्षी जाताना ज्युनिअरला विकली, त्यानं त्याच्या ज्युनिअरला. गाडी तीच, मालक बदलत गेले, आणि गॅरेज मात्र एकच, कारण सीनिअर जाताना गाडीच्या चावीबरोबर "ह्या अंकलकडंच टाक" असं सांगून जायचा. सीट दोनदा बदललं, इंजिन एकदा उतरवलं, आरशांचा तर हिशेबच नाही. त्या एका स्कूटरवर त्यानं किती कमावलं असेल ते सोडा, पण त्याच्या हाताखाली दोन पोरं काम शिकली आणि त्यातल्या एकाचं आज वैभवनगरला स्वतःचं गॅरेज आहे, आणि त्याचं पण खातं आमच्याकडंच. असं मेसवालीचं, धोब्याचं, सायबरवाल्याचं. सायबरवाला फॉर्म सी भरून द्यायचा. परदेशी माणूस घरात ठेवला की घरमालकानं चोवीस तासांत ऑनलाईन कळवायचं असतं, आईला कुठं जमणार, मग पासपोर्टची झेरॉक्स घेऊन त्याच्याकडं जायचं. सुरुवातीला आईला त्या फॉर्मची फार धास्ती वाटायची, पोलिसांचं प्रकरण म्हणून. नंतर नंतर तीच शेजारणींना सांगायची कसा भरायचा ते.

आमच्या आजोबांच्या पिढीचे लोक सांगायचे की कॅम्प पलटणीवर जगला. मराठा लाईट इन्फन्ट्रीचं सेंटर १९२२ पासून इथं आहे, कुठून कुठून पोरं भरतीला येतात, ट्रेनिंग घेतात, पगार होतो, आणि त्या पगारावर शिंपी, ट्रंकवाले, फोटो स्टुडिओ, चहाच्या गाड्या चालल्या. कॅम्पातला माणूस पलटणीला मान देतो. त्यात देशाचा अभिमान आहेच, पण घर चालवणारा म्हणून पण मान आहे. मला वाटतं नेहरूनगरनं त्या मुलांना तसा मान कधी दिला नाही. हे मला खुपतं म्हणून लिहितेय.

"फॉरेनर रेट" हा शब्द आमच्याकडं कोणाला लपवावासा पण वाटत नाही. तीच खोली, आपल्या मुलाला सहा हजार, मलेशियनला दहा. आईच्या घरी दुसरी बॅच यायच्या वेळी एक एजंट घरी आला होता. म्हणाला काकी तुम्ही येडे आहात, ह्यांना अठरा सांगा, मलेशियाचे रिंगिट आहेत त्यांच्याकडं, आणि डिपॉझिट परत द्यायचंच नाही, जाताना भिंतीला डाग पडले म्हणायचं, विमान चुकवून भांडायला कोण थांबतंय. आईनं त्याला चहा दिला आणि पुन्हा दारात येऊ दिलं नाही. पण सगळ्याच घरांत असं झालं नाही. मला अशा मुली माहीत आहेत ज्यांचं डिपॉझिट बुडालं आणि त्या विमानतळावर रडत गेल्या. आणि त्याच्यापेक्षा वाईट म्हणजे दर चढला की तो फक्त परदेशी मुलांनाच चढत नाही, गोकाकहून, खानापूरहून, चंदगडहून शिकायला आलेल्या आपल्या पोरांना पण त्या भागात खोली परवडेना झाली. चंदगडच्या शेतकऱ्यानं दहा हजार कुठून आणायचे? बाहेरचा पैसा गावात येतो तेव्हा तो सगळ्यांच्या घरी सारखा येत नाही, ज्याच्याकडं भाड्यानं द्यायला भिंती आहेत त्याच्याकडं आधी येतो, आणि ज्याला त्या भिंतीत राहायचंय त्याच्या खिशातून थोडा जातो पण. हे मान्य करूनच बोललं पाहिजे.

मार्च २०२०. आईकडं तेव्हा तिसऱ्या बॅचच्या तिघी होत्या. एका रात्रीत मेसेज, परत या. सामान अर्धं वरच ठेवून गेल्या, राईस कुकर, छत्र्या, भिंतीवर चिकटवलेले हाडांचे चार्ट. दोन-तीन महिन्यांत येऊ म्हणाल्या. नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं परत सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडला, दोन वर्षं. दोन महिने आईनं भाडं मागितलं नाही आणि त्यांनीच पाठवलं, मग आईच म्हणाली नको, राहू देत. कंग्राळीच्या मावशींकडं त्या पट्ट्यातल्या सहा खोल्यांचं काम होतं, सहाच्या सहा बंद. त्यांच्या मुलीच्या लग्नासाठीची आरडी आमच्याच संस्थेत होती. ती मोडायला त्या माझ्याच टेबलाशी आल्या, मास्क लावून, पासबुक पदराखाली धरून. मी म्हटलं मावशी थोडं थांबा, व्याज जाईल. त्या म्हणाल्या, "पोरी हाईत तवर आमचं हाय बाई. आता पोरीच न्हाईत, व्याज घेऊन काय करू." मी सही केली. त्या दिवशी घरी जाऊन मला जेवण गेलं नाही.

म्हणून शीटवरच्या त्या रेघा मला रेघा वाटत नाहीत.

नंतर मी ह्या विषयावर जे मिळेल ते वाचायला लागले. सरकारच्या उच्च शिक्षणाच्या पाहणीत २०२१-२२ ला भारतात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी होते, सगळ्यात जास्त नेपाळचे. आणि आपली बाहेर गेलेली? २०२४ मध्ये केंद्र सरकारनं सांगितलेला आकडा तेरा लाखांच्या वर आहे. ब्रिटनमध्ये तर कोणीतरी बसून हिशेबच काढलाय, २०२१-२२ ला आलेल्या एका बॅचचा देशाला निव्वळ फायदा ३,७४० कोटी पौंड, आणि तो लंडनपुरता नाही, त्यांच्या संसदेच्या प्रत्येक मतदारसंघाला सरासरी ५.८ कोटी पौंड असा वाटून दाखवलाय. मला तो कागद वाचताना फार वाटलं की आमच्याकडं असा हिशेब कोणीतरी काढावा. बेळगावच्या एकेका वॉर्डाचा. विद्यापीठाची मुलं प्रोजेक्ट म्हणून करू शकतील, आमची शीटं मी द्यायला लावते, नावं झाकून.

हे सगळं आता मला दुसऱ्या बाजूनं पण दिसतं, कारण माझा भाचा २०२२ ला कॅनडाला गेला. केप ब्रेटन युनिव्हर्सिटी, गाव सिडनी, ऑस्ट्रेलियाचं नव्हे, नोव्हा स्कोशियातलं. ताईनं आणि भावजींनी दोन गुंठे विकले, वर बँकेचं लोन. तो भाग कोळशाच्या खाणींचा आणि पोलादाच्या कारखान्याचा, दोन्ही २००१ ला बंद पडलं. तरणी माणसं गाव सोडून गेली, म्हातारी राहिली. आणि मग त्या युनिव्हर्सिटीत परदेशी मुलं यायला लागली, त्यात आपली भारतातली चिक्कार. भाचा सांगतो, मावशी इथं बसमध्ये बसलं तर निम्मी बस पंजाबी, गुजराती नाहीतर मल्याळी. पहिले तीन महिने त्यानं फार वाईट काढले, एका घरात दहा पोरं, दोन बाथरूम, एवढी मुलं घेतली आणि घरंच नव्हती तिथं. मला लगेच आमचा तो एजंट आठवला, तिकडं पण असतीलच तसले. मग २०२४ च्या जानेवारीत कॅनडानं स्टडी परमिटना कात्री लावली, नवीन परमिट अंदाजे ३ लाख ६० हजार, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा पस्तीस टक्के कमी, आणि खात्यात दाखवायची रक्कम १०,००० डॉलरवरून २०,६३५. घरांचा त्रास खरा होता, ते मला पटतं. पण तिथल्या हॉटेलवाल्यांना आणि घरमालकांना आता कोण बघणार हे पण मला दिसतं, कारण मी ते शीट बघितलंय.

भाच्याला नंतर एक आजी भेटल्या. खाणीत काम करून गेलेल्या माणसाची बायको, घरात एकट्या. खालच्या मजल्यावर हा आणि अजून एक केरळचा मुलगा. ह्यानं त्यांच्या अंगणातला बर्फ काढायचा, त्यांनी रविवारी सूप द्यायचं. त्यांनी म्हणे याच्या भाड्यातून घराचं छत बदलून घेतलं.

आई आता अठ्ठ्याहत्तरची आहे. वर सध्या तिघी आहेत, दोघी मलेशियाच्या आणि एक गुलबर्ग्याची, तिघींना एकच भाडं. पहिल्या बॅचमधली ती सगळ्यात लहान दिसणारी मलेशियातल्या केलांतानला डॉक्टर झालीये, ईदला आईला व्हॉइस मेसेज पाठवते, "मकचिक, जेवलीस काय?" एवढं मराठी तिला अजून येतं, ते पण आमच्या बेळगावी हेलात.

दिवाळीत भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. आई म्हणाली मला त्या बाई दाखव. त्यानं फोन वर नेला. त्या आजी खुर्चीत, मांडीवर ब्लँकेट, केस अगदी पांढरे. दोघी एकमेकींकडं बघून हसत राहिल्या, भाषा कुणालाच नाही. मग आई भाच्याला म्हणाली, "त्यांना विचार की रे, छत गळत नाही न्हवं आता?" त्यानं विचारलं. नाही म्हणाल्या. आईनं परत विचारलं, "आणि पाण्याचा टँकर घालावा लागतो काय त्यांना?"

तो म्हणाला, "नाही गं आज्जी, इथं पाणी आहे. पण थंडीत घर गरम ठेवायला तेल जाळावं लागतं, तळघरात टाकी आहे, तेलाची गाडी येऊन भरून जाते. ते लई महाग पडतं त्यांना, आम्ही दोघं असलो तरी."

आईनं मान हलवली. माझ्याकडं वळून म्हणाली, "म्हणजे टाकी हाय की त्यांना बी." आणि चष्मा लावून वही मागितली, कारण त्या दिवशी टँकरवाल्याचे लिहायचे राहिले होते.